अर्धा तास मराठी, अर्धा तास जर्मन

जर्मनीत स्वयंसेवक म्हणून वर्षभर राहता येतं, असा ओझरता उल्लेख मागच्या अंकात केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देत आहे. मी श्टुटगार्टला राहते, त्यामुळे उत्तरं इथली आहेत. कॅनडा-ऑस्ट्रेलियाचं तिथल्या माणसांना विचारा.

‘माझी मुलगी बी.एस्सी. झाली, वय 23. पुण्यात जर्मनच्या बी1 म्हणजे मधल्या पातळीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. आता म्हणते, श्टुटगार्टजवळच्या एका वृद्धाश्रमात वर्षभर ‘बीएफडी’ करणार. पगार नाही, नुसता हातखर्च. शिकल्यासवरल्या मुलीने परक्या देशात म्हाताऱ्यांची उष्टी काढायची का? आणि हे मुळात खरं असतं का?’ (एक आई, सातारा)

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. खरं असतं. 2011 पर्यंत जर्मनीत तरुण मुलग्यांना लष्करी सेवा सक्तीची होती. ज्यांना बंदूक धरायची नसे, ते त्याऐवजी इस्पितळांत, वृद्धाश्रमांत नागरी सेवा करत. सक्ती उठल्यावर हे सगळे हात एकदम नाहीसे होणार होते, म्हणून त्याच वर्षी 1 जुलैपासून सरकारने बीएफडी, म्हणजे केंद्र सरकारची स्वयंसेवा, ही योजना आणली. तिची थोरली बहीण ‘एफएसजे’, म्हणजे स्वेच्छेने समाजसेवेचं एक वर्ष, तिचा कायदा 1964 चा. ती 27 वर्षांच्या आतल्यांसाठी आहे. बीएफडीला वयाची वरची मर्यादा नाही.

आता मुलीकडून तो करार मागून घ्या आणि सह्या कोणाच्या आहेत ते बघा. बीएफडीचा करार एकट्या आश्रमाशी होत नाही. त्यात कोलोनच्या केंद्र सरकारी कार्यालयाचं नाव असतं. ते नसेल आणि कुठल्या तरी ‘कन्सल्टन्सी’चं लेटरहेड असेल, तर तिथेच थांबा. एफएसजेमध्ये मात्र करार मान्यताप्राप्त संस्थेशी असतो. कारितास, डियाकोनी, जर्मन रेड क्रॉस ही त्यातली मोठी नावं.

पैशाचं सांगते. हातखर्चाला कायद्याने कमाल मर्यादा आहे. 2025 साली ती महिना 644 युरो होती, आणि बऱ्याच संस्था त्याहून कमी देतात. म्हणून आकड्याआधी खोलीचं विचारा. आश्रम राहायला खोली आणि जेवण देत असेल तर मुलगी मजेत राहील. खोली स्वतः शोधायची असेल, तर श्टुटगार्टच्या भाड्यात हातखर्च बघता बघता संपतो आणि दर महिन्याला साताऱ्याहून पैसे पाठवायची पाळी तुमच्यावर येते. आरोग्यविमा, पेन्शन वगैरेचे हप्ते संस्था पूर्ण भरते. काम पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला चाळीसेक तास. वर्षाला किमान चार आठवडे रजा, आणि तिच्या वयाच्या मुलांना वर्षभरात 25 दिवस प्रशिक्षण शिबिरं सक्तीची असतात. ही शिबिरं मुलं ‘सुट्टी’ म्हणून मोजतात, पण जर्मन मुलांमुलींशी तिची खरी ओळख तिथेच होईल.

राहिली उष्टी. हो, काढावी लागतील. जेवणाचे ट्रे नेणं-आणणं, चाकाची खुर्ची ढकलत आजींना बागेत नेणं, पेपर वाचून दाखवणं, पत्ते खेळणं, घास भरवणं. काही आश्रमांत शिकवून मग अंग पुसणं, कपडे बदलणं हेही सांगतात. त्याला तिची तयारी आहे का, हे तिला आत्ताच विचारा. तिथे गेल्यावर विचारून उपयोग नाही. औषधं देणं, इंजेक्शन देणं हे तिचं काम नाही. स्वयंसेवकाने पगारी माणसाची जागा घ्यायची नाही, असा योजनेचा नियमच आहे. माणसं कमी पडली की हाच नियम सगळ्यात आधी वाकतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच तिने आपली जबाबदारी कोणाकडे आहे ते नाव विचारून घ्यावं आणि अडचण आली की त्याच माणसाशी बोलावं.

‘शिकल्यासवरल्या’ म्हणालात, त्यावर एवढंच म्हणते की घरातल्या आजारी माणसाचं तुम्हीही केलं असेल, आणि तेव्हा पदवी आड आली नसेल. शिवाय बी1 ची परीक्षा दिलेल्या मुलीला जर्मन बोलायला वृद्धाश्रमासारखी जागा नाही. ऑफिसातला माणूस अडखळलेलं वाक्य तुमच्यासाठी स्वतःच पुरं करून टाकतो. आजींना कुठे जायचं नसतं, त्या वाट बघतात. आणखी एक गोष्ट तुम्हाला धीर देईल. केरळच्या नर्सेस इथे 1960-70 च्या दशकांपासून आहेत. एखाद्या आश्रमात नव्या भारतीय मुलीला पोटाशी धरणारी मल्याळी सिस्टर भेटली, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

‘मी जळगावचा, हायडेलबर्गला एफएसजे करतो. वाचनालयातल्या फळ्यावर ‘मी हिंदी-मराठी शिकवतो, मला जर्मन शिकवा’ अशी चिठ्ठी लावली. एक जर्मन मुलगा भेटायला लागला, पण आम्ही दोघंही पाच मिनिटांत इंग्रजीवर घसरतो. शिवाय मराठी शिकायला कोणी येईल, असं वाटत नाही. काय करू?’

अरे, मराठीच्या बाबतीत तू अगदी योग्य गावात आहेस. हायडेलबर्गला 1962 पासून दक्षिण आशिया संस्था आहे. गुंथर सोन्थायमर तिथेच प्राध्यापक होते. खंडोबाचा, धनगरांच्या देवांचा अभ्यास करत ते महाराष्ट्रात मेंढरांच्या वाड्यांपर्यंत हिंडले. 1992 मध्ये गेले. तुझी चिठ्ठी त्या संस्थेच्या फळ्यावर लाव. वाचनालयात येणाऱ्याला मराठी कुठे बोलतात हेही ठाऊक नसतं. याशिवाय मराठी शिकू बघणारा आणखी एक वर्ग असतो, तो म्हणजे मराठी सुनेचं किंवा जावयाचं जर्मन सासर. यांना फळ्यावर शोधू नकोस. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत गोंधळून उभे असतात, तिथे सापडतील.

आता इंग्रजीचं. या अदलाबदलीला इथे ‘टॅन्डम’ म्हणतात. 1963 साली जर्मनी आणि फ्रान्सचा मैत्रीचा करार झाला, दोघांचं मिळून युवक कार्यालय निघालं, आणि त्या काळच्या जर्मन-फ्रेंच तरुणांच्या भेटीगाठींतून ही पद्धत पुढे आली. कालपरवा एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या दोन देशांची पोरं एका टेबलाशी बसवायची होती, म्हणून बरोबरीचा हट्ट तिच्यात पहिल्यापासून आहे. अर्धा वेळ तुझ्या भाषेचा, अर्धा माझ्या. मध्ये तिसरी भाषा नाही.

नियम म्हणून सांगायचे तर, घड्याळ लावा. मोबाइल नको, स्वयंपाकघरातलं टायमर आण. मोबाइल हातात आला की भाषांतराचं अॅप उघडतंच. अर्धा तास जर्मन, घंटा वाजली की वाक्य अर्धवट असलं तरी मराठी. शब्द अडला तर हातवारे कर, कागदावर चित्र काढ, पण इंग्रजी नाही. जो शिकणारा आहे, त्याने विषय आणायचा. तू तुझ्या इमारतीतली कचऱ्याच्या डब्यांची सूचना ने, आजारी पडला असशील तर औषधाच्या खोक्यातला कागद ने, आश्रमात किंवा शाळेत कोणी बोललेलं न कळलेलं वाक्य लिहून ने. ‘आज कशावर बोलायचं’ असं म्हणत बसलात की तुमचं इंग्रजी सुरू झालंच म्हणून समज.

आणि त्याला ‘का’ विचारू नकोस. टेबल पुल्लिंगी का आणि दिवा स्त्रीलिंगी का, हे त्याला सांगता येणार नाही, तसं ‘मी आंबा खाल्ला’ पण ‘मी पोळी खाल्ली’ का, हे तुलाही चटकन सांगता येणार नाही. दोन वाक्यं बोलून दाखव आणि ‘तू यातलं कोणतं म्हणशील?’ एवढंच विचार. व्याकरण वर्गात शिकायचं. इथे फक्त कान तयार करायचा. चुका किती दुरुस्त करायच्या हेही आधी ठरवा. अर्ध्या तासात तीन पुरे. प्रत्येक शब्दाला टोकलं तर माणूस बोलेनासा होतो.

माझ्या शेजारचे एक निवृत्त सुतार माझ्याकडे मराठी शिकतात. त्यांची सून कोल्हापूरची आहे. व्याह्यांशी व्हिडिओवर ‘हॅलो, हाऊ आर यू’च्या पुढे गाडी जात नाही, हे त्यांना टोचतं. त्यांचं गाडं उच्चारावर अडलं होतं. जर्मन माणूस शब्दाच्या सुरुवातीला ‘क’ म्हणतो तेव्हा त्यात हवेचा झोत येतो. त्यामुळे हे ‘काय करता?’ म्हणायला गेले की ‘खाय खरता?’ व्हायचं. ‘पाणी’चं जवळजवळ ‘फाणी’, ‘ताक’चं ‘थाक’. समजावून काही उपयोग होईना, कारण त्यांच्या कानाला दोन्ही एकच. मग बेकरीच्या पिशवीची पट्टी फाडून ओठांसमोर धरायला दिली. ‘ख’ म्हटलं की पट्टी हलली पाहिजे, ‘क’ म्हटलं की हलता कामा नये. सुताराला मोजमाप दिलं की काम सोपं झालं. ते घरी पट्टी लावून बसायला लागले आणि बायको वैतागली. आता ‘काय करता?’ स्वच्छ येतं. पलीकडून व्याही उत्तर देतात ते कोल्हापुरी वेगात, त्यातलं त्यांना काही कळत नाही, ही गोष्ट वेगळी. माझ्या अर्ध्या तासात ते मला इथल्या स्वाबियन बोलीतल्या हत्यारांची, लाकडांची नावं सांगतात. ती मला कुठल्याच वर्गात मिळाली नसती.

जर्मनमधला ओठ पुढे काढून म्हणायचा स्वर तुला जमत नसेल, तर ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ कर. आरशासमोर कर, आणि दार लावून घे.

एक सूचना मुलींसाठी, कारण असं पत्र त्यांचंही आलं आहे. पहिल्या काही भेटी वाचनालयात किंवा कॅफेत ठेवा, घरी नाही. फळ्यावरच्या काही चिठ्ठ्यांना भाषेत रस नसतो. ‘आपलं जमत नाही’ एवढं सांगून टॅन्डम मोडायला कारण लागत नाही.

‘माझा मावसभाऊ आणि वहिनी दोघंही पुण्याचे, आता फ्रँकफुर्टला नोकरी करतात. त्यांना दोन लहान मुलं. ते म्हणतात, ‘तू ओ-पेअर म्हणून ये, मुलांना सांभाळ, फुकट जर्मन शिकशील.’ मी 21 वर्षांची. जाऊ का?’

नको. त्यांच्या मनात काही वाईट नसेल, पण नियमात बसत नाही. ओ-पेअर म्हणजे यजमानांच्या घरी राहून, मुलं सांभाळून तिथली भाषा शिकणारी तरुण व्यक्ती. त्यासाठी घरात जर्मन बोललं जायला हवं, आणि यजमान कुटुंब ओ-पेअरच्याच देशातलं असेल तर परवानगी मिळत नाही. कारण उघड आहे. तुमच्या घरात सकाळी ‘डबा भरलास का’पासून रात्री ‘दूध झाकलंस का’पर्यंत सगळं मराठीत चालणार. तुला भाषा येणार नाही, वहिनीला मोलकरीण मिळेल आणि वर्षभरात मावशीच्या घराशी तुमचं येणंजाणं बंद होईल. ओ-पेअरच करायचं असेल तर जर्मन घर शोध. त्यात आठवड्याला 30 तासांच्या वर काम सांगता येत नाही, हातखर्च आणि जर्मन वर्गाच्या फीला हातभार मिळतो. पण त्याला स्वयंसेवा म्हणू नकोस. तो एक वेगळाच करार आहे.

‘आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. मुलगा श्टुटगार्टला आहे. दर वर्षी तीन महिने जातो. मुलगा-सून कामावर गेले की आम्ही खिडकीत बसतो. काही समाजसेवा करता येईल का? जर्मन अक्षरही येत नाही.’ (चिपळूण)

सर, बाई, नमस्कार. तुमच्यासारखे खिडकीतले आईवडील इथे गल्लोगल्ली आहेत, पण विचारणारे तुम्हीच.

तुमचा व्हिसा पाहुण्याचा आहे, 180 दिवसांत 90 दिवसांचा. त्यावर रोजचं, ठरलेल्या वेळेचं काम अंगावर घेऊ नका, बिनपगारी असलं तरी. उगाच कोणी प्रश्न विचारायला नको. पण लोकांत जाऊन बसायला, बोलायला आणि शिकायला व्हिसा आडवा येत नाही. इथे ‘अनेक पिढ्यांचं घर’ नावाची केंद्रं असतात, देशभरात 500 हून अधिक. तिथे दुपारी कॉफी, केक, विणकाम, गप्पा चालतात, आणि बऱ्याच ठिकाणी भाषेचा कट्टा असतो. वाचनालयांतही भाषा-कॅफे असतात. टेबलावर पाटी असते, आज जर्मन, आज स्पॅनिश. नाव नोंदवायचं नाही, फी नाही. तुम्ही दोघं गणिताचे असा नाहीतर मराठीचे, शिकवणाऱ्या माणसाचा हात लगेच ओळखू येतो. तिथे जर्मन आजोबा सापडतील ज्यांना इंग्रजी सुधारायचं असतं. त्यांना तुमचं इंग्रजी द्या, त्यांच्याकडून भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं जर्मन घ्या. माझ्या वरच्या नियमाला हा अपवाद, कारण तुम्हाला परीक्षा द्यायची नाही.

हिवाळ्यात येणार असाल तर लेओनहार्ड चर्चमध्ये जाच. 1995 पासून तिथे दर वर्षी जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत बेघर आणि गरीब माणसांना गरम जेवण देतात. पण दार सगळ्यांना उघडं असतं. बँकेतला साहेब आणि रस्त्यावर झोपणारा माणूस एकाच बाकावर बसून सूप पितात. मीही तिथे ताटं वाढते. खाण्याच्या वस्तूंशी काम करायचं म्हणून आरोग्य खात्याच्या सूचना आधी ऐकून, सही करून घ्याव्या लागतात. तुम्ही नुसतं जेवायला या. बाकावर शेजारी बसलेला माणूस आपणहून बोलायला लागतो, त्याला वर्गातली वाक्यं येत नसतात, आणि त्याच्याशी बोलताना व्याकरणाची भीती उरत नाही. देवळातला भंडारा तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे मांडी घालायला मिळत नाही एवढंच नवं वाटेल.

मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी शहरं आहेत, हेही ओळख करून देताना उपयोगी पडतं. इथल्या वयस्कर माणसांना ते ठाऊक असतं, आणि मुंबईचं नाव निघालं की पुढचा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

प्रवासविमा 30,000 युरोंचा असतोच, पण त्याचा कागद खिशात ठेवा, सुनेच्या कपाटात नको.

‘एजंट तीन लाख मागतो, जर्मनीत स्वयंसेवक म्हणून पाठवतो म्हणतो, पुढे नोकरी पक्की. देऊ का?’

नाही. भाषा शिकायचा खर्च तुमचा, व्हिसाची फी तुमची, विमानाचं तिकीट बहुधा तुमचंच. बाकी अर्ज संस्थेकडे थेट ईमेलने करायचा असतो. बायोडेटा आणि आपण होऊन लिहिलेलं एक पानभर पत्र, जर्मनमध्ये. ते पत्र एजंटकडून लिहून घेतलं की मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं. ‘नोकरी पक्की’ कोणीच देऊ शकत नाही. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकार आणि इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्याचं नाव पुढे करून एजंट हे सगळं एकत्र कालवतात. तो नोकरीचा करार आहे, स्वयंसेवेशी त्याचा संबंध नाही.

‘वृद्धाश्रमात येऊन काही महिने झाले. माझी परीक्षेतली जर्मन ठीक आहे, पण इथल्या आजी बोलतात त्यातला अर्धा भाग डोक्यावरून जातो. सहकारी हसतात. आणि मी शाकाहारी, रोज बटाटे खाऊन कंटाळले.’ (रॉयटलिंगेन)

अगं, त्या स्वाबियन बोलतात. मूळची बर्लिनची माणसंही इथे तशीच बावचळतात, त्यामुळे हसणाऱ्यांना हसू दे. आजींना ‘पुस्तकी जर्मन बोला’ म्हणू नकोस. पुष्कळ जणींना ती शाळेपुरतीच आली होती, आणि ज्यांची आठवण कमी झाली आहे त्या तर शेवटी लहानपणाच्याच बोलीवर येतात. त्यांच्या खोलीत भिंतीवर जुने फोटो असतील. फोटोतल्या एकेका माणसाचं नाव विचार आणि नाती लिहून काढ. नावं कळली की पुढचं बोलणं निम्मं कळतं. आणि एखाद्या आजींना तू मराठीतली एक-दोन वाक्यं शिकव. तुझ्यासारखीच त्यांचीही जीभ अडखळलेली तुला बघायला मिळेल, सहकाऱ्यांनाही बघू दे.

बटाट्यांचं असं, की आचाऱ्याला ‘मी मांस खात नाही’ एवढंच सांगितलंस तर तो मांस काढून बटाटे ठेवतो. मसुराची डाळ इथल्या घरचीच आहे, स्वाबियन लोक ती श्पेट्झलं नावाच्या शेवयांसारख्या पिठाच्या पदार्थाबरोबर खातात. बरोबरचं सॉसेज काढून नुसती डाळ-श्पेट्झलं वाढा म्हण, आणि डाळ खारवलेल्या मांसाच्या तुकड्यांवर शिजवली आहे का ते आधी विचार. रविवारी त्याच्या स्वयंपाकघरात त्याच डाळीला लसणाची फोडणी देऊन दाखव. परवानगी मात्र शुक्रवारीच काढून ठेव, शनिवारी त्याची सुट्टी असेल.